इकडं पडलं

नववीच्या इंग्रजी धड्यात 'चान्स' हा शब्द आला. धड्याखालच्या चौकटीत अर्थ दिला होता, 'संधी'. एवढंच. समोर बत्तीस पोरं, त्यातली निम्मी सकाळच्या बसमध्ये खिडकीच्या जागेसाठी चान्स मारून आलेली. त्यांना मी 'चान्स म्हणजे संधी' असं फळ्यावर लिहून देणार आणि ती मुकाट्यानं वहीत उतरवणार. खडू उचलला तसा परत ठेवला. म्हटलं, पुस्तकं मिटा. आज घरी जाऊन झोपेपर्यंत हा शब्द कुणाच्या तोंडून कसा येतो तेवढं टिपून आणा. इंग्रजी वाक्य नको. ऐकलं तसं लिहायचं.

आमची शाळा बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर. माध्यम मराठी, पहिला जोड विषय कन्नड, दुसरा इंग्रजी. पोरं मला 'टीचर' म्हणतात. पुण्याकडचे पाहुणे ते ऐकून जरा दचकतात, पण इथं बाई म्हटलं तर शेजारची काकू ओ देते.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या आणि माझा दिवस त्यात गेला. एकानं लिहिलं होतं, "ए, माझा चान्स आहे, स्ट्रायकर दे." म्हणजे पाळी, डाव. एकीच्या आईनं विचारलं होतं, आज रात्री लाईट जाईल काय, आणि पप्पा म्हणाले, "फुल चान्स." म्हणजे शक्यता, आणि तीही नको असलेल्या गोष्टीची. कुणाच्या तरी दाजीचा पोलिस भरतीत 'लास्ट चान्स' होता, वय संपत आलेलं. कुणाची काकू रेशनकार्डात नाव घालायला गेली ती 'चान्स मारून बघूया' म्हणत. गावच्या मैदानावर कुणी झेल टाकला तर 'चान्स सोडला'. "लग्नाला येतोस काय?" "चान्सच नाही." एकानं 'अण्णा चान्स मारतो' एवढं लिहून पुढचं खोडलं होतं, इतकं खोडलं होतं की कागद फाटला होता. मी विचारलं नाही.

वह्या एकावर एक ठेवून बघताना एक गोष्ट ध्यानात आली, वीस-बावीस वर्षं इंग्रजी शिकवूनही जी मला कधी दिसली नव्हती. हा शब्द स्वतःहून काहीच सांगत नाही, सगळं काम मराठी क्रियापद करतं. चान्स 'मिळाला' की संधी. 'घेतला' की जोखीम. 'मारला' की धडपड, किंवा चावटपणा. 'हुकला' की हळहळ. आणि 'चान्सेस' असं अनेकवचन केलं की ती नुसती शक्यता उरते. 'चान्सेस कमी आहेत' असं सगळे म्हणतात, पण मला आयुष्यात 'चान्सेस मिळाले' असं म्हणणारा कुणी भेटलेला नाही. हे व्याकरण कुणी शिकवलेलं नाही. रेशनच्या रांगेतली काकूही ते चुकत नाही.

तळातली शेवटची वही सीमेवरच्या गावाहून येणाऱ्या मुलीची होती. तिनं एकच वाक्य लिहिलं होतं. "आज्जी म्हणते, आमचं गाव बाय चान्स कर्नाटकात आलं."

लाल पेन हातात होतं, ते तसंच राहिलं.

माझी आजी हे वाक्य असं म्हणत नसे. तिला बाय चान्स ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, "सासर इकडं पडलं, माहेर तिकडं पडलं." तिचं माहेर चंदगड तालुक्यात, सासर आमच्या गावी. मधे काजूची झाडं, एक ओढा आणि पायी दोन तासांची वाट. तिचं लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं एकाच बेळगाव जिल्ह्यात होती, एकाच मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार जिल्हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यातच राहिला आणि पुढं कोल्हापूरला जोडला गेला. ओढा तिथंच होता. काजूही त्याच. आजी माहेरपणाला निघाली की आता राज्य ओलांडून जायची, डोक्यावर तेच टोपलं घेऊन.

पडलं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. शिनोळी तिकडं पडली, बाची इकडं पडली. इथं कुणीच 'गाव दिलं' किंवा 'गाव घेतलं' म्हणत नाही, मोर्च्यात सोडून. घरात, न्हाणीच्या दारात, भाकरी थापताना, गाव आपोआप पडतं, पिकलेल्या फणसासारखं.

त्या रात्री मी मोठा इंग्रजी कोश काढला आणि चान्सच्या मुळाशी गेले. गंमत बघा. चान्स आला जुन्या फ्रेंचमधून, तिथं तो 'शेआन्स'सारखा काहीतरी होता, आणि फ्रेंचमध्ये आला लॅटिन 'कादेरे'वरून. कादेरे म्हणजे पडणे. फासा जसा पडतो तो चान्स. म्हणजे माझी आजी, जी आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही, ती चान्सचं मूळ तोंडात घेऊन हिंडत होती, आणि मी पदवी घेऊन फळ्यावर 'संधी' लिहायला निघाले होते.

मग मला नादच लागला. या कादेरेची पोरं आपल्या घरात किती आहेत? इस्पितळात गेल्यावर आधी काढायचा तो केसपेपर, त्यातला 'केस' म्हणजे लॅटिन 'कासुस', पडलेली गोष्ट. कोर्टातली केस तीच. (पेटी या अर्थाचा केस मात्र वेगळ्या घरचा, त्याला यात ओढू नये.) अपघात झालेल्याला नेतात ती कॅज्युअल्टी. आम्ही शिक्षक जपून जपून वापरतो ती कॅज्युअल लीव्ह, म्हणजे जे अचानक येऊन पडेल त्यासाठीची रजा, जरी ती आम्ही महिनाभर आधी ठरवून टाकत असलो तरी. फ्रेंचमध्ये पडण्याला 'शूत' म्हणतात, तेही याच घराण्यातलं, आणि पडण्यापासून वाचवतं ते पॅराशूट. म्हणजे न्हाणीघरातल्या खोबरेल तेलाच्या निळ्या बाटलीवरसुद्धा चान्सची सख्खी बहीण बसलेली. धबधब्याला इंग्रजीत कॅस्केड म्हणतात, तेही पडण्यातूनच. गोकाकला घटप्रभा ५२ मीटरवरून खाली येते तिथं उभं राहून हे आठवलं तर हसू येतं. पण बेळगावकराला केस हा शब्द ऐकून यातलं काहीच आठवत नाही. त्याला एकच केस आठवते. सीमेच्या वादावरून महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टाकलेली. "केस कधी लागणार?" हा प्रश्न मी कटिंगच्या दुकानापासून बारशापर्यंत सगळीकडं ऐकलाय.

लागणं आणि पडणं, यांच्यातही एक भानगड आहे. मराठीत लॉटरी लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, केस बोर्डावर लागते. नेम धरलेला असतो, दगड जाऊन लागतो. पडतं ते वेगळं. दान पडतं, धाड पडते, वाटणीला येऊन पडतं, पदरात पडतं, गाठ पडते. ज्यासाठी आपण थांबून बसलो होतो ते लागतं. ज्याची वाट पाहिली नव्हती ते पडतं. आजीनं शब्द चुकवला नव्हता.

आपल्याकडं ही पडझड फार जुनी आहे. योगायोगाला संस्कृतात काकतालीय न्याय म्हणतात, कावळा ताडावर बसतो आणि त्याच क्षणी फळ पडतं. आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. हे मी आमच्या कन्नडच्या सरांना सांगितलं तर ते डबा खाता खाता म्हणाले, "आमच्यातही तसंच की हो, कागे कूरोदक्कू कोंबे मुरियोदक्कू." कावळा तोच, फांदी तीच. 'बोलाफुलाला गाठ पडली' असंही आपण सहज म्हणून जातो, पण त्यातलं फूल म्हणजे देवाच्या अंगावर कौल लावलेलं फूल. गाऱ्हाणं घालताना तोंडून शब्द निघायला आणि फूल खाली पडायला एकच वेळ. कौल हाही शब्द बाहेरचाच, अरबी, त्याचा अर्थ बोल, वचन. म्हणजे देव फुलातून बोलतो आणि ते बोलणं खाली पडतं. खानापूरच्या बाजूला छपरावर चढतं ते कौल निराळं, त्यावरून माझा एक विद्यार्थी फार गोंधळला होता. देवाला कौल लावायला एवढं उंच कसं चढायचं, म्हणून.

आणि फासे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे. त्यातले फासे बेहड्याचे, तेच बेहडे जे आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात पायाखाली येतात. जुगारी रडतो, बायको गेली, सासू दारात उभं करत नाही. आणि फाशांबद्दल म्हणतो, हे खाली लोळतात, वर उसळतात, यांना हात नाहीत तरी हात असलेल्याला हरवतात. हात नाहीत. या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. पडणं या क्रियापदालाही हात नसतात. पाऊस कुणी पाडला, असं आपण विचारत नाही. फळ कुणी पाडलं, असं विचारलं तर पोरं एकमेकांकडं बघतात.

पण गाव?

१९५५ चा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल लिहिणाऱ्यांना हात होते. नंतर सीमेचा वाद सोडवायला १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगालाही होते. त्यांनी १९६७ साली गावं मोजून शिफारस केली, २६४ गावं महाराष्ट्राला, बेळगाव शहर आणि २४७ गावं कर्नाटकाकडं. महाराष्ट्रानं ती मानली नाही. कर्नाटक आजही तीच धरून आहे. यात बरोबर कोण, चूक कोण, हे इथं लिहायला बसले तर उद्या वर्गात शिरायची चोरी होईल, आणि खरं सांगायचं तर ते माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे गल्लीत पैशाला पासरी आहेत. मला अडलं होतं ते एवढ्यावर की कुणीतरी टेबलाशी बसून, यादी समोर घेऊन, गावाच्या नावापुढं खूण केली, आणि माझी आजी म्हणते 'पडलं', त्या मुलीची आज्जी म्हणते 'बाय चान्स'. माझं मत मी लपवत नाही. हा शब्द मला खोटा वाटला. वहीत त्या वाक्यापुढं मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

मग आप्पा आठवले.

२०११ च्या मे महिन्यात आप्पांच्या छातीत कळ आली आणि आम्ही त्यांना गाडीत घालून शहरात नेलं. केसपेपर, कॅज्युअल्टी, सगळी कादेरेची पोरं एका रांगेत. डॉक्टर कन्नड बोलणारे, वयानं लहानच. मला बाजूला घेऊन म्हणाले, "फिफ्टी-फिफ्टी चान्स ऐत्री. नोडूण." म्हणजे निम्मं-निम्मं आहे, बघूया. मी व्हरांड्यात आले. आई बाकावर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "चान्स आहे म्हणाले."

फिफ्टी-फिफ्टी गाळलं. नुसता आकडा गाळला, बाकी शब्द डॉक्टरांचेच. पण आकडा गेल्याबरोबर शब्दाची कूस बदलली. डॉक्टरांनी सांगितली होती शक्यता, मरायची तेवढीच जगायची. आईला ऐकू आली संधी. तिनं बोटाचा पदर सोडवला, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि घरी फोन करून गाईला पाणी दाखवा म्हणून सांगितलं. मुलांच्या वहीत असं भाषांतर आलं असतं तर मी अर्धे गुण कापले असते. चौकटीत दिलेला तो एक अर्थ, 'संधी', त्या रात्री आमच्या घराला पुरला.

आप्पा घरी आले आणि पुढं नऊ वर्षं जगले. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, निम्मं म्हणजे पुष्कळ की. ते लॉटरीवाले होते. लॉटरीच्या हिशेबात निम्मं म्हणजे राज्य मिळाल्यासारखंच. बेळगावात गल्लोगल्ली लॉटरीची टपरी होती तोवर त्यांचं सोपं होतं. २००७ साली कर्नाटकात लॉटरीवर बंदी आली. मग ते 'शिनोळीला जाऊन येतो' म्हणायचे. कशाला, ते कुणी विचारत नसे. राज्य बदललं की नशीबही बदलतं असा त्यांचा हिशेब होता. आई म्हणायची, "लागायचीच असती तर ओढ्याच्या अलीकडंही लागली असती." एकदा दोनशे रुपये लागले. त्यांनी कुंदा आणला, दोनशेहून जास्तीचा.

कुंद्याचीही अशीच गोष्ट गावात सांगतात. कुणा मिठाईवाल्याचं दूध म्हणे चुलीवर विसरलं, आटलं, तळाला लागलं, आणि टाकून देण्याऐवजी त्यानं साखर घातली. खरी असो नसो. अशा सापडण्याला इंग्रजीत एक लांबलचक शब्द आहे, सेरेंडिपिटी. होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज गृहस्थानं २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात तो घडवला, सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. सेरेंडिप म्हणजे श्रीलंका, फारसी सरंदीब, आणि त्याच्या मागं आपलं सिंहलद्वीप. शब्द इकडून गेला, तिकडं नवे कपडे घालून बसला. वॉलपोलनं त्यात एक अट घातली होती, नुसता अपघात नव्हे, शहाणपणही हवं. करपलेलं दूध सगळ्यांच्याच घरी होतं. साखर घालायचं सुचावं लागतं.

डॉक्टरांच्या त्या फिफ्टी-फिफ्टीलाही एक जन्म आहे. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणित्यांनी एकमेकांना पत्रं लिहिली. प्रश्न जुगाराचा होता. डाव मधेच मोडला तर पणाला लावलेले पैसे दोघांत कसे वाटायचे? ज्याची जिंकायची शक्यता जास्त त्याला जास्त, पण किती जास्त? तिथून शक्यतेला अपूर्णांक चिकटले, ते हवामान खात्यापर्यंत आणि त्या व्हरांड्यापर्यंत येऊन पोचले. मोडलेल्या डावाची वाटणी. मला ते वाचताना २६४ आणि २४७ आठवले, आणि मी पुस्तक मिटून भांडी घासायला गेले.

शब्द सीमेवर येऊन कसे वागतात हे मला कन्नडनं शिकवलं. चान्सला, संधी या अर्थानं, कन्नडमध्ये 'अवकाश' म्हणतात. बसस्टँडवर भिंतीला चिकटवलेल्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'उद्योगावकाश' असतं, नोकरीची संधी. मराठी डोळ्यानं तेच वाचलं तर नोकरीला अजून अवकाश आहे. आमच्या पोरांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही, ती दोन्ही अर्थ एकदमच वाचतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना दुसरा खरा वाटतो. नशिबाला कन्नडात 'अदृष्ट', आपल्यात जे दिसत नाही ते. कपाळावरचं लिहिलेलं ते 'हणेबरह'. पण उत्तर कर्नाटकातला शेतकरी बैल मेला की 'नसीब' म्हणतो, माझी आजी गाय मेली की 'नशीब' म्हणायची, आणि अरबीत त्याचा अर्थ वाटा. वाटणीला आलेला हिस्सा.

ते पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह दोन दिवस तसंच होतं. मधल्या काळात मी आजीला पुन्हा ऐकत होते. ती संध्याकाळी ओसरीवर पट मांडायची, कवड्या दोन तळव्यांत खुळखुळवून सोडायची, आणि मनासारखं नाही पडलं की म्हणायची, "पडलं ते खेळायचं." कवड्या तिच्याच हातातून सुटायच्या, हात तिला दिसत होता. तरी ती 'टाकलं' म्हणत नसे, 'पडलं' म्हणे. चुलतकाकी समोर बसलेली असायची, तिनं टाकलं तरी पडलंच. हात कुणाचा यावर भांडत बसलं असतं तर सोंगटी घरातून हलली नसती, आणि तिला अंधार पडायच्या आत डाव संपवून गुरं बांधायची असत. तिला माहीत नव्हतं असं मी धरून चालले होते.

वह्या परत दिल्या तेव्हा प्रश्नचिन्ह खोडून टाकलेलं होतं, पण कागदावर वळ राहिला होता. मुलीनं वही उजेडात तिरपी धरली.

"टीचर, चुकलंय काय?"

"नाही."

"मग इथं काहीतरी होतं."

"तुझी आज्जी कुठल्या गावची? माहेर?"

तिनं चंदगडकडचं एक गाव सांगितलं. माझ्या आजीच्या गावाच्या पलीकडचं.

"तिला विचार, बाय चान्स हा शब्द तिनं कुठं ऐकला."

"टीव्हीवर," ती म्हणाली. "आधी पडलं म्हणायची. मीच सांगितलं, आज्जी, बाय चान्स म्हण."

बाहेर पाऊस धो धो लागला होता, पीटीचा तास गेला होता आणि पोरांनी मागच्या बाकांवर कॅरम मांडला होता. मी वह्यांचा गठ्ठा उचलून निघाले तर एकानं पावडर झटकत बोर्ड माझ्याकडं सरकवला. "टीचर, तुमचा चान्स."

कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. राणी कोपऱ्यातल्या भोकाच्या तोंडाशीच होती, एक टिचकी मारली की आत. मी नेम धरला. राणी हलली नाही, स्ट्रायकर तेवढा गडगडत जाऊन भोकात पडला, आणि बत्तीसच्या बत्तीस पोरं एकदम ओरडली.

"फाऊल!"